सांतियागोचे काळे अष्टकोन

आंदेस पर्वताच्या पायथ्याशी वसलेले सांतियागो हे चिली देशाच्या राजधानीचे शहर. शहरातूनच सान क्रिस्तोबाल ही टेकडी वर येते. १९२५ साली सुरू झालेली, दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे आजही प्रवाशांना तिच्यावर घेऊन जाते. माथ्यावर मेरीमातेची पांढरीशुभ्र मूर्ती आहे. जवळच पेयांच्या टपऱ्या आहेत आणि तेथे पेला भरून मिळते 'मोते कोन ऊएसियो'. सुकवलेले पीच साखरेच्या पाण्यात दालचिनी घालून शिजवायचे, गार करायचे आणि त्यात शिजवलेले गहू घालायचे. आपल्याकडे उन्हाळ्यात पन्ह्याला जो मान, तोच तेथे याला. एखादी गोष्ट अस्सल देशी असली की 'मोते कोन ऊएसियोपेक्षाही चिलियन' असे लोक म्हणतात.

टेकडी उतरून एखाद्या सुपरबाजारात शिरले की वेगळेच दृश्य दिसते. बिस्किटे, चॉकलेटे, वेफर्स, गोड पेये यांच्या वेष्टनांवर ठसठशीत काळे अष्टकोन छापलेले असतात. 'साखर अधिक', 'मीठ अधिक', 'उष्मांक अधिक', 'संपृक्त चरबी अधिक' असे चार प्रकारचे हे इशारे आणि खाली आरोग्य मंत्रालयाचे नाव. एकाच पुड्यावर दोन-तीन अष्टकोनही आढळतात.

हे घडले कसे? चिलीत सहा वर्षांची सुमारे निम्मी मुले जादा वजनाची झाली होती. दूरदर्शनच्या पडद्यावरील हसरी कार्टून मुलांना दुकानापर्यंत ओढून नेत होती. पेशाने डॉक्टर असलेले सिनेटर गिदो खिरार्दी यांनी याविरुद्ध कायद्याचा पाठपुरावा केला. कंपन्यांचा विरोध मोठा होता. कायदा २०१२ मध्ये संमत झाला, पण अंमलात यायला २०१६ चा जून उजाडला. १४ वर्षांखालील मुलांना उद्देशून अशा पदार्थांची जाहिरात करण्यास बंदी आली. शाळांतून त्यांची विक्री थांबली. साखर घोळलेल्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरचा लाडका टोनी वाघ गेला, खेळणे दडवलेली चॉकलेटची अंडीही गेली. २०१८ पासून सकाळी ६ ते रात्री १० या वेळात अशा पदार्थांच्या जाहिराती दूरदर्शनवर दाखवण्यास मनाई झाली. २०१९ मध्ये नियम आणखी कडक झाले. आता १०० मिलिलिटर पेयात ५ ग्रॅमहून अधिक साखर असली, की अष्टकोन ठरलेलाच.

परिणाम दिसला. कायदा लागू झाल्यानंतरच्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटल्याचे संशोधकांना आढळले. याहून हृद्य गोष्ट मातांनी अभ्यासकांना सांगितली. शाळेत अष्टकोनांची ओळख झालेली लहान मुलेच 'हे नको' असे आईला बजावू लागली होती. जाहिरात मुलाच्या डोळ्यांतून शिरत होती. इशाराही त्याच वाटेने आत गेला.

तरी लढाई संपलेली नाही. अनेक उत्पादकांनी साखर कमी करून कृत्रिम गोडी वाढवली. अष्टकोन गेला, पण जिभेची गोडाची सवय कायम राहिली. मोबाइलचा प्रश्न तर आणखी अवघड. कायदा संकेतस्थळांनाही लागू आहे. मात्र दूरदर्शनची जाहिरात साऱ्या घरासमोर लागते, हातातल्या पडद्यावर प्रत्येक मुलाला वेगळे काही दिसते. त्याच्या आवडत्या खेळाडूच्या किंवा विनोदवीराच्या हातातली बाटली आईच्या नजरेस पडतही नाही. तेथे पहारा ठेवणार कोण?

टेकडीवरच्या त्या पेल्यातही साखर आहेच, आणि सुट्या विकल्या जाणाऱ्या पेयावर अष्टकोन नाही. पण तो पेला पिण्यासाठी टेकडी चढावी लागते, उन्हात चार माणसांत उभे राहून तो प्यावा लागतो. मोबाइलवर बोट टेकवताच दारात येणाऱ्या बाटलीला यातले काहीच लागत नाही. तेव्हा कायद्याने दुकानातला अर्धा रस्ता राखला. उरलेला अर्धा घरातल्यांनीच राखायचा आहे.