खाऱ्या पाण्याचा हिशेब

मागचे दोन वीकेंड काही लिहिलं नाही. कारण दोन्ही वीकेंड मी गावी एका चाळीस हजार लिटरच्या हौदाच्या कडेला उकिडवा बसून नळीत थेंब मोजत होतो. बग प्रॉडक्शनमध्ये होता आणि तो मीच घातला होता.

गाव म्हणजे शनिशिंगणापूर. हिंजवडीत कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "खरंच दारं नसतात का रे?" खरंच. आमच्या घराला चौकट आहे, कवाड नाही. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावतात, बस्स. २०११ साली गावात युको बँकेची शाखा आली, तिलाही कुलूप दिसणार नाही असं काचेचं दार बसवलं होतं. शनिवारी दर्शनाची गर्दी असते म्हणून मी शुक्रवारी रात्रीच घोडेगावहून आत वळतो. असो.

तर झालं असं, मागच्या वर्षी आण्णांचा (म्हणजे वडिलांचा) गुडघा बदलला. टाके भरून आल्यावर फिजिओथेरपिस्ट म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात चालवा, सांध्यावर भार कमी येतो. आता शिंगणापुरात कमरेएवढं पाणी कुठून आणायचं? पण त्या वर्षी कांद्याने साथ दिली होती, चुलतभावाच्या (दादाच्या) घरामागे जागा होती. आठ मीटर लांब, चार रुंद, सव्वा मीटर खोल असा पूल बांधला. मी उत्साहात जाहीर केलं, "सॉल्टवॉटर करू. क्लोरीन टाकायची कटकटच नको!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सॉल्टवॉटर पूल म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, इथे साधारण साडेतीन. फिल्टरच्या पाइपमध्ये एक सेल बसवतात, त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या. करंट सोडला की मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो, तो जंतू मारतो आणि त्याचं पुन्हा क्लोराइड होतं. मीठ खर्चच होत नाही. बोअरचं पाणी मुळातच थोडं खारं, त्यामुळे पन्नास किलोच्या अडीच गोण्यांत काम भागलं. मार्चमध्ये आण्णा पहिल्यांदा उतरले तेव्हा काकीने पाण्याला हळद-कुंकू वाहायचं म्हणून हट्ट धरला. कसंबसं काठावर वाहायला लावलं.

मे महिन्यात पाणी हिरवट दिसायला लागलं. टेस्ट किटवर क्लोरीन जवळजवळ शून्य. मी पुण्यातून फोनवर दादाला सांगितलं, "सेल आठ तासांऐवजी सोळा तास चालव." सर्व्हर स्लो झाला की आणखी रॅम टाकायची, तसलाच प्रकार. तरी फरक पडेना. मग शेजारच्या कुणीतरी तुरटी फिरवली आणि दोन दिवसांत तळाच्या फरशीचे सांधे दिसायला लागले.

"आरं, पाणी आरशावानी झालंय, तू कशाला काळजी करतो?" आण्णा फोनवर म्हणाले. आणि मीही काळजी केली नाही. किटवर पुन्हा बघायला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

आण्णांना मधुमेह आहे. पायाच्या बोटापाशी एक बारीकशी चीर होती. आठवड्याभरात पाय सुजला, ताप आला. तीन आठवडे अँटिबायोटिक. पुलाच्याच पाण्याने झालं का, हे डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण "जखम असताना पाण्यात उतरायला कोणी सांगितलं?" असं त्यांनी विचारल्यावर मी खाली बघितलं.

मग बसलो मुळापासून. सेल उघडला तर पट्ट्यांवर खडूसारखा पांढरा थर. पीएच ८.२ च्या वर. पुलाला ७.२ ते ७.८ लागतो, कारण पीएच चढला की क्लोरीन असून नसल्यासारखा होतो. स्टॅबिलायझर नसलेल्या साध्या पाण्यात पीएच ७.५ ला साधारण निम्मा क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ८ ला जेमतेम पाव. आणि माझे ते सोळा तास? सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात, ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावतात आणि पीएच आणखी चढतो. पीएच चढला की थर वाढतो, थर वाढला की क्लोरीन घटतो, क्लोरीन घटला की मी म्हणतो अजून तास वाढव. इन्फायनाइट लूप! तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसवला. तुरटी जंतू मारत नाही.

ॲसिड टाकून पीएच उतरवायचो, चार दिवसांत पुन्हा वर. हे कुठून येतंय, कळेना. मी पलंगावरच्या आण्णांना वैतागून सांगत होतो, तर ते म्हणाले, "ती पत्र्याची पेटी घे."

पेटीत सातबाऱ्यांच्या खाली एक पिवळा पडलेला कागद होता, त्याच बोअरच्या पाण्याचा तपासणी अहवाल. ऊस पिवळा पडायला लागला म्हणून त्यांनी काही वर्षांपूर्वी नमुना दिला होता. मुळा कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणी जास्त झालेल्या जमिनी खारवट, चोपण होतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मला मात्र त्या कागदाशी पुलाचा संबंध कधी सुचला नाही. बायकार्बोनेट ७.५ मिलिइक्विव्हॅलंट. पुलाच्या भाषेत आणायचं तर गुणिले ५०, म्हणजे ३७५ पीपीएम अल्कलिनिटी. सॉल्टवॉटर पुलाला ६० ते ८० पुरते!

उन्हाळ्यात रोज सात मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर आमच्या पुलातून आठवड्याला दीड हजार लिटर पाणी उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार खाली राहतात. आणि आम्ही भर घालत होतो त्याच बोअरची. म्हणजे दर आठवड्याला १४ पीपीएम अल्कलिनिटी आपण होऊन वाढणार. ती मारायला लिटरभर बाजारी हायड्रोक्लोरिक ॲसिड, दर आठवड्याला, कायमचं.

आणि इथे खरी पंचाईत. ॲसिडचा कॅन ठेवायचा कुठे? एका शनिवारी सकाळी मागे गेलो तर दादाची चार वर्षांची चिऊ कॅनशेजारी भातुकली मांडून बसलेली. टोपण घट्ट होतं म्हणून... पुढचं लिहवत नाही.

म्हटलं, कपाट आणू, कुलूप लावू. काकी म्हणाली, "शिंगणापुरात कुलूप?" तिला वेड्यात काढणं सोपं होतं. पण तिचा जन्म त्या घरात गेलाय. दुसरीकडे पोर आमचीच. दीड तास वादावादी झाली. शेवटी आण्णाच म्हणाले, "सोनईच्या शिवारातल्या मोटारीच्या खोलीला आधीपासून कुलूप हाय. तिथं ठेवा." पुलाभोवती पाच फुटी जाळी लावली, तिच्या दाराला मोठ्यांचाच हात पोचेल अशी वरून कडी. घराला नाही, पुलाला. काकीने ते चालवून घेतलं.

बाकी उपाय केमिस्ट्रीचे. ॲसिड थोडं थोडं, पंप चालू ठेवून (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात कधीच नाही, आणि ब्लीचिंग पावडरच्या आसपासही नाही, विषारी क्लोरीन वायू सुटतो). पीएच ७.२ ला आणायचा, कारंजं लावून आपोआप चढू द्यायचा, पुन्हा उतरवायचा. दर फेरीत अल्कलिनिटी थोडी खाली. दोन वीकेंड त्यातच गेले. आता भर घालतो ती पावसाच्या पाण्याची. शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस धरला तरी पन्नास हजार लिटर होतात, आणि त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नाहीच. दोन टाक्या बसवल्या. उन्हाळ्यासाठी पुलावर झाकण शिवून घेतलंय.

फिल्टर धुतलेलं पाणी मी कांद्याच्या वाफ्याकडे सोडणार होतो. आण्णा जवळजवळ ओरडले. नंतर पाहिलं, कांद्याचं उत्पन्न जमिनीची क्षारता १.२ डेसिसीमेन्सच्या वर गेली की घटायला लागतं आणि पुलाचं पाणी सहाच्या वर. जे मीठ खर्च होत नाही म्हणून मी खूश होतो, तेच जमिनीतूनही जात नाही. आता ते पाणी प्लास्टिक अंथरलेल्या जुन्या शेततळ्यात सुकतं.

आण्णांचा पाय भरून आला. परवाच्या रविवारी पीएच ७.५, अल्कलिनिटी ८०, क्लोरीन ३. वीस फेऱ्या मारल्या त्यांनी. मोटारीच्या खोलीची किल्ली आता त्यांच्या करदोट्याला असते, चालताना वाजते. काकी त्यावरून त्यांना चिडवते :-)

पाणी आरशासारखं असलं तरी आता ते काठावर थांबतात, पायाची बोटं एकदा तपासून बघतात आणि मला विचारतात, "आकडा काय आला?"

मी पुण्यात असलो की फोन करून दादाला विचारतात.