द्वारा संपादक

माझे पहिले वाचक मला मिळाले ते दुसऱ्यांच्या लेखनावर लिहिलेल्या पोस्टकार्डांमुळे. ही सवय वडिलांची. ते हायस्कुलात मराठी शिकवायचे. दिवाळी सरली की वाचनालयातून एकेक अंक घरी यायचा, आणि अंक परत जाण्याआधी त्यातल्या कुणाला तरी कार्ड जायचंच. लेखकाचा पत्ता ठाऊक नसला, तर नावाखाली ‘द्वारा संपादक’ लिहून ते मासिकाचा पत्ता घालायचे. मीही लिहू लागलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली, “लेख आवडला एवढंच लिहू नकोस. वाचताना कुठं थांबलास, ते लिही.”

पोस्टकार्डावर पसरायला जागा नसते. पत्त्याची जागा सोडली की मोजक्या ओळी उरतात. त्या विशेषणांनी भरल्या, तर सांगायचं ते राहून जातं. अख्ख्या कथेतली एकच जागा निवडायची आणि तिच्याबद्दल नेमकं बोलायचं, हे मी पंधरा पैशांच्या कार्डावर शिकलो. पुढे मी जे काही गद्य लिहिलं, त्याचा रियाज तिथंच झाला.

कॉलेजात असताना एका मासिकात १९७२च्या दुष्काळावरची कथा वाचली. लेखक मराठवाड्यातले, मला अनोळखी. खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीची रांग, हजेरी मांडणारा मुकादम, सगळं आमच्या घरात बोललं गेलेलं. माझी आत्या तशाच दुष्काळी कामावर होती. बायका बोटांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायच्या आणि रात्री त्याच धुऊन वाळत घालायच्या, हे मी लेखकांना कळवलं. कथेतली मुलगी पाहुण्यांना बघून अर्धी भाकरी पदराआड करते, त्या वाक्याशी मी थांबलो होतो, तेही लिहिलं. लेखकाचं उत्तर आलं, संपादकांनी पत्र छापलंही. पत्राखाली नाव-गाव असायचं, आणि गाव लहान असलं की तेवढ्यावर पोस्टमन कार्ड आणून द्यायचा. लातूर, मालवण, बेळगाव अशा ठिकाणांहून माणसं लिहू लागली. माझा पहिला लेख छापून आला, तेव्हा तो उघडून वाचणारी हीच माणसं होती. हा मनुष्य दुसऱ्याचं नीट वाचतो, एवढी माझी ओळख त्यांना पुरेशी होती.

मराठीत ही वाट जुनी आहे. १८४८ साली पंचविशीतले गोपाळ हरी देशमुख भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने लिहू लागले. वर्तमानपत्र दुसऱ्याचं, वाचकही त्याने जमवलेले. तिथं जाऊन त्यांनी १०८ पत्रं लिहिली आणि ‘शतपत्रे’ म्हणून ती आजही वाचली जातात. धारवाडला राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींना सुनीताबाई देशपांडे यांनी लिहिलेल्या पत्रांचं ‘प्रिय जी. ए.’ हे पुस्तक झालं. एकाने दुसऱ्याचं मनापासून वाचलं, की त्यातून आणखी एक वाचण्याजोगी गोष्ट जन्माला येते, हे त्या पुस्तकाने मला पटवलं.

पुढे बँकेच्या नोकरीत बदल्या होत राहिल्या, तरी कार्डं थांबली नाहीत. मित्रांबरोबर एक त्रैमासिक काढलं, तेव्हा वर्गणीच्या पहिल्या मनिऑर्डरी याच ओळखीच्या पत्त्यांवरून आल्या. एका मित्राने विचारलं, “तू त्यांचं वाचायचं, त्यांनी तुझं. हा व्यवहारच झाला ना?” या प्रश्नाचं उत्तर मला संपादकाच्या खुर्चीत मिळालं. टपालात काही पत्रं अशी असत, की दोन ओळी माझ्या लेखाबद्दल आणि दोन पानं स्वतःच्या संग्रहाबद्दल. ते संग्रह वाचायची ओढ मला कधी लागली नाही. उलट कोकणातल्या एका शिक्षिकेने माझ्या एका मताशी सविस्तर वाद घातला, स्वतःविषयी अक्षर लिहिलं नाही. त्या कविता करतात हे पुढे दुसऱ्याकडून कळलं. मी त्या कविता शोधून वाचल्या आणि त्रैमासिकासाठी मागून घेतल्या. उत्तर आलं नाही तरी जे पुरं वाटेल, ते पत्र खरं. त्यात व्यवहार शिरत नाही. ओळख मात्र होते आणि ती टिकते.

आता लिहिणारी तरुण मंडळी विचारतात, वाचक कसे मिळवायचे? पुस्तक निघालं की मुखपृष्ठ व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांत जातं, समोरून अंगठे आणि हात जोडलेले नमस्कार येतात. त्या अंगठ्यामागच्या माणसाने पहिलं पान तरी उलटलं का, ते कळत नाही. मी त्यांना सांगतो, आपल्यासारखंच नुकतं लिहू लागलेल्या एखाद्याचं लेखन या आठवड्यात शेवटपर्यंत वाच. पटलं नाही तर का नाही, तेही लिही. खाली फक्त नाव आणि गाव घाल, पुस्तकाची जाहिरात नको. नव्या लेखकाला स्तुती बरीच मिळते, वाचल्याची खूण फार थोडी मिळते. ती देणाऱ्याचं नाव तो विसरत नाही, आणि पुढे ते नाव कुठं छापलेलं दिसलं, की थांबून वाचतो. त्याचं उत्तर नाहीच आलं, तरी एक लेख मुळापासून वाचून झालेला असतो, आणि त्याचा पहिला फायदा आपल्याच पुढच्या लेखाला होतो.