बेळगाव ते मुंबई : सव्वा तासाचा हिशेब

नकाशावर फूटपट्टी ठेवली तर बेळगाव ते मुंबई अंतर सुमारे ४०० किलोमीटर भरते. रस्ता मात्र निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा, पुणे अशी वळणे घेत पाचशेच्या घरात जातो.

१९९१ साली मुंबईत थोरले काका वारले, तेव्हा मी शाळकरी होतो. निरोप दुपारी आला. बाबा रात्रीच्या बसने निघाले. सकाळी पोचले, तोवर सारे उरकले होते. शेवटचे तोंड पाहता आले नाही, ही खंत त्यांनी जन्मभर बाळगली.

गेल्या वर्षी काकू अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि मी सांबऱ्याला विमान गाठले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला हा आपला विमानतळ. उड्डाण जेमतेम सव्वा तासाचे. पण शहरातून सांबऱ्यापर्यंत दहा-अकरा किलोमीटर, तास-दीड तास आधीची हजेरी, मुंबईवर धावपट्टी मोकळी होईपर्यंत घिरट्या आणि मग ठाण्यापर्यंतची वाहनांची गर्दी! घरून निघून काकूंच्या उशाशी पोचायला पाच तास लागले. वाचकहो, तिकिटावरच्या वेळेला चाराने गुणा, म्हणजे फसगत होणार नाही.

तरीही रस्त्याच्या निम्माच वेळ. वाटेत ना पंचगंगा दिसली, ना खंबाटकीचा घाट. काकूंनी डोळे किलकिले करून विचारले, "जेवलास का रे?"

बाबांना न लाभलेली भेट मला लाभली.