सहा बिऱ्हाडांचे मऊ पाणी

कासारवाडीच्या नळाला येणारे पाणी पवना धरणाचे. ते रावेतला उचलतात, निगडीला शुद्ध करतात. हे पाणी मऊ. डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले आणि आमच्या चाळीतल्या सहा बिऱ्हाडांनी धुण्या-आंघोळीसाठी बोअरची कास धरली. बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपते, येताना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. बादलीवर पांढरा थर, कपडे राठ, गिझरची कॉइल सारखी जळते. कंत्राटी पगारात हे कसे परवडावे?

एक जण पाइपावर बसवायचे चुंबक विकायला आला. आम्ही दोन बाटल्या मागवल्या. एकीत चुंबकातून आलेले पाणी, दुसरीत साधे. दोन्हींत साबणाचा तेवढाच कीस टाकून हलवल्या. दोन्हीकडे सारखाच साका! चुंबकाने क्षार पाण्याबाहेर जात नाहीत. गृहस्थ चहा घेऊन गेले.

मग पाणी प्रयोगशाळेत दिले. कठीणपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम निघाला. भारतीय मानक २०० ची मर्यादा सांगते. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे घाबरण्याजोगे नव्हे, खर्चात घालणारे.

सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, पुन्हा कामाला तयार. १ लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम कठीणपणा धरते. आम्ही २५ लिटरची टाकी घेतली. आमच्या पाण्यावर ती अडीच हजार लिटर चालते, म्हणजे दोन दिवस. प्रत्येक धुण्याला पावणेचार किलो स्वच्छ जाडे मीठ लागते.

खरी वादावादी इथे झाली. मीठ कोणी आणायचे? शेवटी माणशी वर्गणी ठरली, वॉशिंग मशीन असलेल्या घराने दुप्पट द्यायची. कोपऱ्यातल्या खोलीत एकट्या राहणाऱ्या आजींना वर्गणी माफ, असे कोणीतरी बोलले. आजी ताडकन म्हणाल्या, "फुकटचं मला नको. तुम्ही सगळे ड्यूटीवर जाता, मीठ घालायचं काम माझ्याकडे द्या." तेव्हापासून व्हॉल्व्ह फिरवणे त्यांच्याकडे. खडूने भिंतीवर तारीख लिहितात. एकदा वर्गणी थकली तर त्यांनी त्या घराचे नावही तारखेशेजारी लिहिले. संध्याकाळपर्यंत पैसे आले.

भगिनींनो, हे मऊ पाणी पिण्यासाठी नव्हे. आमच्या हिशेबाने त्यात लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम उतरते. रक्तदाब असणाऱ्याने तर लांबच राहावे. कुंड्यांनाही ते घालू नये. पिण्याला आणि स्वयंपाकाला आम्ही धरणाचे पाणीच भरतो. बोअरच्या नळाला आजींनी लाल चिंधी बांधली आहे, म्हणजे पोरे तोंड लावत नाहीत.