एक लहानसा नकार

चार उत्तरे छापून दिलेली असताना त्यांतले एक निवडावयास विद्वत्ता ती कसली लागते, असे मला परवापर्यंत वाटत असे. म्हणूनच माझी पुतणी राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत थोडक्यात मागे राहिली, तेव्हा ती "काका, मी पुन्हा..." एवढे म्हणते न म्हणते तोच मी बोलून गेलो, "उत्तर डोळ्यांसमोर असून तुला दिसू नये?" ती मुकाट्याने आत निघून गेली.

परवाच्या रविवारी दुपारी चोपड्याच्या उन्हात घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. पुतणीने एक सराव-प्रश्नपत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि म्हटले, "काका, आज तुम्ही सोडवा." 100 प्रश्न आणि 2 तास, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद! बरोबर उत्तराला 2 गुण, चुकलेल्याला अर्ध्या गुणाचा दंड.

पहिल्याच पानावर नद्या आल्या: गिरणा, पांझरा, अनेर, वैनगंगा. खानदेशातल्या माणसाला तापीच्या उपनद्या विचारणे म्हणजे घरच्या माणसांची नावे विचारण्यासारखेच. मी मोठ्या ऐटीत गिरणेचा गोल काळा केला. पुतणीने काही न बोलता प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. 'तापीची उपनदी नाही' अशी नदी विचारली होती! उत्तर वैनगंगा होते, आणि ते मला चांगले ठाऊकही होते. किंबहुना ठाऊक होते म्हणूनच माझा घात झाला. अजाण माणूस निदान प्रश्न तरी शेवटपर्यंत वाचतो.

मग गुरूचे आसन तिने घेतले. आधी पर्याय तळहाताने झाकावेत. प्रश्न पुरता वाचून 'नाही', 'अयोग्य', 'केवळ' अशा शब्दांखाली रेघ ओढावी. मनात उत्तर आले की मगच हात काढावा, आणि पहिला पर्याय पटला तरी चौथ्यापर्यंत जावे.

"आणि मुळीच येत नसेल तर?" मी विचारले.

"तर सोडून द्यावा. शंभरही प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर साधारण 25 बरोबर येतील. त्यांचे 50 गुण. उरलेल्या 75 चुकांचा दंड साडेसदतीस. हाती राहतात साडेबारा! दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तरच उरलेल्या दोहोंत धाडस करावे."

हिशोब चोख होता. पण माझे मन भलतीकडेच गेले होते. निकालाच्या दिवशी तिचे वाक्यही मी असेच अर्ध्यावर तोडले होते आणि हाताशी आलेले पहिले उत्तर तिच्या पदरात टाकले होते.

"त्या दिवशी तू काय विचारीत होतीस ग?" मी म्हटले.

ती क्षणभर थांबली आणि सांगू लागली. या वेळी तिचे बोलणे पुरे होईपर्यंत मी तोंड उघडले नाही.