गरज सरल्यावर

'गरज सरो, वैद्य मरो' या म्हणीत नेमकं बोलतंय कोण, हेच मला हल्ली कळेनासं झालं आहे. बरा झालेला माणूस असं कधीच म्हणत नाही. तो आपल्या बांधीत रोवणीच्या चिखलात उतरलेला असतो. वैद्य जगला की मेला, हा विषय त्याच्या डोक्यातही नसतो. म्हण उच्चारतो तो वैद्य, नाहीतर वैद्याच्या ओसरीवर बसलेला त्याचा कोणी हितचिंतक. म्हणजे तक्रार देणाऱ्याची, आणि आपण ती पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्याच्या तोंडी घालत आलो आहोत. घेणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही.

मी ख्रिस्ती नाही. तरी ही म्हण मला छळते आहे ती चर्चच्या कामावरून. आमच्या या चांदा-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मिशनची ये-जा दीडशे वर्षांहून जुनी आहे. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप गोंडांच्या वस्त्यांतून हिंडले, त्यांची गाणी-कहाण्या लिहून घेतल्या, आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी नागपूरजवळच्या एका नाल्याच्या पुरात बुडून गेले. त्यांचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापले म्हणून राहिले. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन होतं. तिथे राबलेले अलेक्झांडर वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. खाली सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्ट पोचले. १९६२ मध्ये चांद्याचं कॅथलिक मिशन केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे आलं, कार्मेलाइट फादर या भागात उतरले, आणि १९७७ मध्ये बल्लारपूरला पीठ असलेला चांदा धर्मप्रांत झाला. यातलं काहीही धानोऱ्याच्या आठवडी बाजारात उभं राहून विचारलं, तर सांगणारा भेटणार नाही. ब्रह्मपुरीचा ख्रिस्तानंद दवाखाना मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. 'ख्रिस्तानंदले नेलं' एवढं म्हटलं की दुखणं किती मोठं होतं ते समजतं. त्या नावात ख्रिस्त आहे हे म्हणणाऱ्याच्या मनात नसतं. तिथे गेलो की माणूस वाचतो, एवढंच असतं.

हे वाईट झालं की चांगलं?

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. 'गरज सरो'ची म्हण जिथे जिथे मनात येते तिथे ती गोष्ट पाठोपाठ येते, कारण वरवर पाहता तीही तीच तक्रार आहे. दहा जण गावाबाहेर लांब उभे राहून येशूला हाका मारतात. तो त्यांना जवळ बोलावत नाही, हात लावत नाही. जा, याजकांना जाऊन दाखवा, एवढंच सांगतो. ते निघतात, आणि वाटेतच त्यांची कातडी स्वच्छ होते. एक मागे फिरतो, पायांवर पडतो. तो शोमरोनी, म्हणजे त्या समाजाने परका ठरवलेला. आणि येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत?

या प्रश्नावर प्रवचनं होतात ती कृतज्ञतेची. ती ऐकताना मला नेहमी त्या नऊ जणांची बाजू घ्यावीशी वाटते. त्यांना सांगितलं होतं तेच तर ते करत होते. याजकाने पाहून 'हा शुद्ध झाला' असं जाहीर केल्याशिवाय गाव त्यांना आत घेणार नव्हतं. घरी जायला ते आतुर होते. घरी बायको असेल, म्हातारी आई असेल, कदाचित आपला बाप कसा दिसतो हे माहीत नसलेलं पोर असेल. महारोग झालेल्या माणसाचं अर्धं बरं होणं कातडीवर असतं आणि अर्धं घराच्या दारात. ते दार उघडावं म्हणून नऊ जण धावत सुटले, तर त्यांना कृतघ्न कसं म्हणायचं?

आणि जो परत आला तो का परत आला? शोमरोनी माणसाला यहुद्यांच्या याजकाकडे जाऊन उपयोग काय होता? यहुद्यांत त्याला दाखवायला कोणी नव्हतं. तो कृतज्ञ होताच, पण त्याला जायलाही जागा नव्हती का? या दोन गोष्टी त्याच्या मनात तरी वेगळ्या असतील का?

आमच्या विदर्भाला हा प्रश्न पुस्तकातला वाटू नये. परतवाड्याजवळ कोठारा आहे, लेप्रसी मिशनचं रुग्णालय. वरोऱ्याला आनंदवन आहे. ते मिशनचं नाही, बाबा आमट्यांनी १९४९ च्या सुमारास सुरू केलेल्या कामातून उभं राहिलेलं. १९८२ पासून बहुविध औषधोपचार आला आणि हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होऊ लागला. पण आनंदवनात शेती, करघे, लग्नं, म्हातारपण हे सगळं आहे, कारण बरे झालेल्या कित्येकांना परत घेणारं घर उरलं नव्हतं. तिथे राहिलेल्यांना कोणी 'बघा, हे कृतज्ञ, परत आले' असं म्हणत नाही. मग मिशनच्या कुष्ठधामात आणि अनाथालयात जे राहिले, आणि ज्यांच्यातून पुढे ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, त्यांच्याबद्दल काय म्हणायचं? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात आल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन गेल्या. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली वाढल्या, प्रार्थना शिकल्या, आणि त्यांच्यातल्या कित्येकींनी तिथेच राहून दुसऱ्यांच्या लेकरांचं केलं. त्यांच्या विश्वासाला मी भुकेचं नाव देऊ शकत नाही. तो त्यांचा अपमान होईल. पण तिथे भूक नव्हतीच असंही कोणत्या तोंडाने म्हणू? आईच्या हातचा घास खाऊन ज्याला आईवर प्रेम जडलं, त्याला आपण विचारत नाही की घास नसता तर काय झालं असतं.

इथे मला दवाखान्याच्या आवारातल्या चुली आठवतात, आणि आता त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

धानोऱ्यातून, मुरूमगाव-पेंढरीकडच्या गावांतून पेशंट निघतो तेव्हा एकटा निघत नाही. बाजेवर घालून आणा नाहीतर अँब्युलन्समधून, त्याच्यामागून घरची चार-सहा माणसं येतात. बरोबर तांदळाची पोटली, मीठ-मिरची, एक जर्मनचा गंज, पांघरूण, कडेवर लहान पोर. शहरातल्या दवाखान्याला ही माणसं नको असतात. 'एकच जण थांबा' अशी पाटी असते, आणि वॉचमन असतो. मग ती मंडळी भिंतीपलीकडे झाडाखाली तीन दगड मांडतात. ज्या दवाखान्याने आवारातच त्यांना आडोसा दिला, सरपण आणायला आणि भात शिजवायला जागा दिली, त्याची कीर्ती औषधाच्या आधी गावात पोचते. धानोऱ्याच्या रस्त्यावरच चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांची सर्च संस्था, १९८६ पासूनची. त्यांनी दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, तेव्हा लोकांनी मोठी इमारत, पांढरे कपडे, नातेवाइकांना बाहेर काढणं, या सगळ्याची भीती बोलून दाखवली. म्हणून तो दवाखाना झोपड्यांचा झाला, घरच्यांना बरोबर राहता येईल असा, आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. तिथे देवी आली ती लोकांच्या बाजूने, त्यांच्या मागण्यातून आली. ब्रह्मपुरीला नाव आलं ते देणाऱ्यांच्या बाजूने. आणि दोन्हीकडे माणसं वाचली.

मी एका म्हाताऱ्या बाईला विचारलं होतं. तिची सून बाळंतपणात मरता मरता वाचली होती, एका मिशनच्या दवाखान्यात. कोणी वाचवलं, डॉक्टर कोण होते, सिस्टर कोण होत्या? ती म्हणाली, "मले डॉक्टरचं नाव नाही आठवत गुरुजी. थे बाई आठवते. आमच्या बाजूच्या चुलीवर होती. तिच्या पोराले साप चावला होता. आमचे तांदूळ सरले त तिनं आपल्यातले देल्ले."

तिला ती बाई आठवते. त्या बाईचं गाव वैनगंगेपलीकडे कुठेतरी, पुन्हा भेट झाली नाही. मग या दयेचा धनी कोण? ज्यांनी केरळातून येऊन इथल्या मलेरियात दिवस काढले, ज्यांनी ऑपरेशनच्या रात्री जागवल्या, त्यांची नावं पुसली गेली, आणि त्यांनी दिलेल्या आवारात एका बाईने दुसरीला दिलेले तांदूळ राहिले. मला पहिल्यांदा हे ऐकून त्या सिस्टरांसाठी वाईट वाटलं होतं. आता वाटतं की चर्चने त्या आवारात याहून मोठं काय घडवलं असतं? दया त्यांच्या हातातून निसटून पेशंटांच्या चुलींवर गेली. ती तिथे जावी यासाठीच तर जागा दिली असेल. की ती फक्त जागा होती, आणि तांदूळ देणारी बाई कुठेही असती तरी तिने दिलेच असते? गोंडांच्या गावात दुसऱ्याचं भांडं रिकामं असताना आपलं झाकून ठेवायची रीत नाही. ते तिला कोणत्याही मिशनने शिकवलं नव्हतं.

म्हणीला मी उलटं करून पाहिलं. 'गरज सरो' हे मागणं आहे, आणि 'वैद्य मरो' ही त्याची किंमत. वैद्याने स्वतःच ती मोजायला तयार व्हावं. तसे वैद्य आपल्याकडे झाले. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकले आणि १९७० मध्ये जामखेडच्या दुष्काळी भागात गेले. त्यांनी गावोगावच्या बायकांना, त्यात दलित, निरक्षर बायकांनाही, बाळंतपण करायला, जुलाब झालेल्या पोराला वाचवायला, कुष्ठरोग ओळखायला शिकवलं. कुष्ठरोग्यांना वेगळं न नेता गावातच ठेवून औषध दिलं. म्हणजे त्या नऊ जणांना घराचा रस्ताच सोडावा लागू नये अशी व्यवस्था केली. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सर्चनेही पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं, आणि ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेऊन नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. एक काम येशूला मानणाऱ्यांचं, दुसरं गांधी-विनोबांच्या वाटेने आलेल्यांचं, आणि दोघांनीही वैद्याला मागे सारलं.

इथे थांबता आलं असतं तर मला समाधान वाटलं असतं. पण मुरूमगावचा रस्ता पुढे छत्तीसगडात जातो, आणि तिथून खाली बस्तर. जानेवारी २०२५ मध्ये बस्तरच्या छिंदवाडा गावात एक पास्टर वारले. ते गावचेच होते. गावाने त्यांना गावात पुरू दिलं नाही. त्यांचं शव तीन आठवड्यांच्या आसपास शवागारात राहिलं. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं दोन झाली, आणि शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती दिली गेली. तेव्हापासून 'वैद्य मरो' हे शब्द मला तितक्या सहज उलटे करता येत नाहीत. मेलेल्याला माती द्यायला गाव लागतंच.

गावाच्या बाजूनेही मला बोलता येत नाही असं नाही. धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. आपल्या गावात आपणच सरकार, हे त्या गावाने देशाला शिकवलं, आणि २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथे ठराव सगळ्यांच्या होकाराने होतो, एक जरी नाही म्हणाला तरी थांबतात. मी आयुष्यभर ग्रामसभेची बाजू मांडली. आपली पेनं (देव), आपला पाटा (गाणी), आपली गोटुलं (तरुणांची घरं) यांच्यावर बाहेरून कोणी हात टाकू नये असं मला आजही वाटतं. ज्याने प्रार्थनेबरोबर औषध दिलं त्याच्याविषयी एखाद्या गावाला शंका आली, तर ती केवळ द्वेषातून आली असं मी म्हणणार नाही. पण मातीला नाही म्हणणारं गाव आणि जंगलाला आपलं म्हणणारं गाव, ही दोन्ही एकाच सभेतून उठू शकतात का, हा विचार आला की मी जागा होतो.

आणि मग ते नऊ जण पुन्हा येतात. 'नऊ कुठे आहेत' यातला सूर मी एके काळी तक्रारीचा ऐकत होतो. आता कधी कधी तो काळजीचा ऐकू येतो. कुठे असतील, पोचले का, दार उघडलं का? पण लूकचा मजकूर पुढे वाचला की तो मला इतकी मोकळीक देत नाही. देवाचं गौरव करायला या परक्याशिवाय कोणी फिरलं नाही, असं तो स्पष्टच म्हणतो. तिथे परत येण्याची अपेक्षा आहे. मी ती पुसून टाकली तर मी त्या सिस्टरांच्या श्रद्धेतून माझ्या सोयीचं तेवढं काढून घेतो, आणि ज्या श्रद्धेने त्यांना केरळातून इथे आणलं तीच बाजूला ठेवतो. ती अपेक्षा ठेवली तर मला त्या म्हाताऱ्या बाईसाठी भीती वाटते. तिच्याकडून कोणी काही मागेल का, आणि तिच्याकडे द्यायला काय असेल.

गडचिरोलीत माझ्या ओळखीचे एक फादर आहेत. मितभाषी आहेत, वाद घालत नाहीत. त्यांना एकदा विचारायचं आहे की तुमच्याकडून बरी होऊन गेलेली माणसं परत आली नाहीत तर तुम्हाला काय वाटतं. पण हा प्रश्न मी त्यांच्यासाठी विचारतो आहे, की गावासाठी, की त्या बाईसाठी, ते अजून ठरत नाही, आणि तोवर फोन करवत नाही.