तोफेच्या टप्प्यात

कोकणकिनाऱ्यावर वाढलेल्या पोराच्या लेखी तोफ ही मुळात बसायची जागा असते. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्यापाशी गवतात लोळणाऱ्या तोफांवर बसून आम्ही चिंचा खाल्ल्या, चिंचोके त्यांच्याच तोंडात कोंबले आणि चड्डीच्या बुडावर गंजाचे तांबूस डाग घेऊन घरी गेलो. आजीला धास्ती एकच, आत साप असेल. पोर्तुगीजांची तिला काही पडलेली नव्हती. पुढे शाळेच्या सहलीत मुरुड-जंजिऱ्यावर कलालबांगडी पाहिली. गाईड तिचा पल्ला सांगायचा आणि नवं गिऱ्हाईक आलं की तो मैलभर वाढवायचा. तेव्हा आम्ही हसलो होतो. तोफेचा पल्ला हा इतिहासातला किती मोठा आकडा असू शकतो, हे कळायला मला बंगालच्या उपसागरापर्यंत जावं लागलं.

नोकरीत चेन्नईला बदली झाली आणि सुट्टीच्या दिवशी बस धरून कोरोमंडल किनारा उतरत जायचं वेड लागलं. कुठे फ्रेंच, कुठे डच, कुठे डॅनिश. दोन-चार तासांच्या अंतरावर युरोपातला एकेक देश. पाँडिचेरीबद्दल मी लिहीत नाही. तिथल्या पिवळ्या भिंतींपुढे फोटो काढायला आपली अर्धी मंडळी जाऊन आलेली असतात. तिच्या दक्षिणेला कडलूर आहे, तिथे मात्र कोणी उतरत नाही. शेजारीच देवनामपट्टिनम, म्हणजे जुन्या कागदांतलं तेगनापट्टण. इथला किल्ला 1690 साली इंग्रजांनी विकत घेतला. विकणारे होते मराठे.

छत्रपती राजाराम तेव्हा जिंजीत होते. वेषांतर करून त्यांनी गाठलेली जिंजी आम्हाला शाळेत होती, ही विक्री नव्हती. मोगल सैन्य अंगावर आलेलं, पैशाची निकड. अशा वेळी हातातलं बंदर विकणाऱ्या राजाला तीनशे वर्षांनी पंख्याखाली बसून नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण सौद्यातली मोजणीची रीत काही माझ्या डोक्यातून जात नाही. किल्ल्यासोबत भोवतालची गावंही द्यायची होती. किती गावं? तोफेचा गोळा जाईल तितकी. किल्ल्यावरून चहूकडे बार काढायचे, गोळा पडेल तिथवर कंपनीची हद्द. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, ज्याच्या देणगीमुळे पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठाला त्याचं नाव मिळालं. तोफ निवडणं, दारू ठासणं आणि तोंड किती वर उचलायचं हे ठरवणं, सगळं गोलंदाजाच्या कसबावर होतं, आणि गोलंदाज अर्थातच घेणाऱ्याचा. कडलूर शहरसुद्धा त्या टप्प्यात आलं. भाताच्या खाचरात वाकलेल्या एखाद्या बाईच्या डोक्यावरून काहीतरी घोंगावत गेलं असेल आणि मान वर करेपर्यंत ती कंपनीची रयत झाली असेल. त्या गावांना पुढे ‘गुंडू ग्रामम्’, गोळ्याची गावं, असंच म्हणत. युद्ध नाही, जखमी नाही, गोळा कशाला लागायचाही नाही, फक्त लांब जायचा. किल्ला आता जवळजवळ नाहीच. 1758 मध्ये फ्रेंच सेनापती लालीने तो घेतला आणि उद्ध्वस्त केला.

तरंगमबाडीचा डान्सबोर्ग मात्र उभा आहे. 1620 मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून डेन्मार्कवाल्यांनी तो बांधला. पुढे तंजावर मराठ्यांचं झालं तरी इथून वर्षाचा खंड तिकडे जातच राहिला. राजाची पेठ, 1792 ची वेस, आणि समुद्राच्या कडेला 1306 मधलं मासिलामणिनाथाचं देऊळ, ज्याचा पुढचा भाग लाटांनी कधीच नेला. किल्ल्याच्या तटावरच्या तोफा अजून समुद्राकडे तोंड करून आहेत. हात लावला तर लोखंडाचे पापुद्रे सुटून येतात, खाऱ्या वाऱ्याने आतून फुगलेले. एकीच्या कानात, म्हणजे जिथे बत्ती द्यायची त्या भोकात, कुणी आईस्क्रीमची काडी खोचली होती. समुद्रावर नेम धरून बसलेल्या या तोफांपुढून 2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आत शिरली. आणि डॅनिश अंमल संपला तो तोफांनी नाहीच. 1845 मध्ये तरंगमबाडी आणि बंगालमधलं श्रीरामपूर साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकलं गेलं. या किनाऱ्यावर सौदेच फार झाले.

अजून खाली मल्लिपट्टिनमजवळ तंजावरच्या सरफोजी राजांनी बांधलेला मनोरा आहे, आठ मजली, षटकोनी. नेपोलियन हरल्याच्या आनंदात! 1799 च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेलेला, राजांच्या तोफा सलामीपुरत्या उरलेल्या, आणि हा विजयस्तंभ. मला आधी संताप आला, मग वाईट वाटलं. वैद्यक शिकणारा, हस्तलिखितं जमवणारा हा माणूस. त्याने इमारतच बांधायची तर दुसऱ्याच्या विजयाची बांधावी?

तंजावर काही बंदर नव्हे, पण ही सगळी बंदरं त्याच्या अंगणात. बीरंगी मेडूवरची राजगोपाल तोफ पाहायला मी भाच्याला घेऊन गेलो. त्याचं चाकणला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. सव्वीस फुटांच्या आसपासचं, नायकांच्या काळातलं ते धूड पाहून बाकीचे लोक मोबाईल काढतात. हा उकिडवा बसून तोंडात डोकावला. ओतीव नाहीच ती. लोखंडाच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून नळी केलेली आणि बैलगाडीच्या चाकावर धाव चढवावी तशी वरून तापवलेली कडी चढवलेली. गार होताना कडं आवळतं आणि पट्ट्यांना धरून ठेवतं.

“मामा, हे बघा, सांधा कुठे दिसतोय का?” कड्याकड्यावरून नख फिरवत तो म्हणाला.

मी रघुनाथ नायक सुरू केला, मग एकोजीराजे, मग येल आणि त्याच्या गोळ्याची गावं.

“राजांचं राहू द्या हो. वीस-बावीस टनांचा जॉब आहे. क्रेन नाही, गॅस नाही, आणि लालबुंद असताना हा फिरवला कसा? आमच्याकडे दोन टनाला पोरं शिव्या घालतात.”

मग तो चक्क पाठीवर झोपून तोफेखाली सरकला, खालची बाजू बघायला. राखणदार तमिळमध्ये ओरडत धावत आला. भाच्याने आतूनच हात बाहेर काढला आणि मराठीत त्याच्याकडे बॅटरी मागितली.